शंभर पोती तांदूळ आणि गळ्यातली पाटी

इ. स. १८७० मधली गोष्ट आहे. जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे, हिवाळ्यात घरेच्या घरे बर्फात बुडून जातात अशा मुलखात नागाओका नावाचे एक संस्थान होते. दोन वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धात या संस्थानाने हरणाऱ्या बाजूची कड घेतली होती. किल्ला जळाला, गाव बेचिराख झाले आणि नव्या सरकारने संस्थानाचे उत्पन्न कापून जेमतेम एक तृतीयांशावर आणले. सामुराई घराण्यांतल्या पोराबाळांनाही पोटभर मिळेनासे झाले. ही अवस्था कळल्यावर मिनेयामा या नात्यातल्या संस्थानाने मदत म्हणून शंभर पोती तांदूळ पाठवला.

तांदूळ आला म्हणताच तो वाटून घ्यावा अशी मागणी सुरू झाली. पण कारभाऱ्यांपैकी कोबायाशी तोरासाबुरो या विद्वान गृहस्थांनी वाटपाला नकार दिला. त्यांचा हिशेब साधा होता. घरटी वाटला तर तांदूळ दोन दिवसांत संपेल आणि तिसऱ्या दिवशी गाव होते तिथेच असेल. तोच तांदूळ विकून शाळेसाठी पुस्तके आणि साहित्य घेतले, तर उद्या गाव उभे करणारी माणसे तयार होतील. लोक संतापले. पण शेवटी कोबायाशींचेच खरे झाले. त्याच वर्षी जूनमध्ये नागाओकात शाळा उघडली आणि तिची दारे सामुराईंच्या मुलांबरोबर सामान्य रयतेच्या मुलांनाही मोकळी राहिली. या प्रसंगावर यामामोतो युझो यांनी १९४३ साली नाटक लिहिले. २००१ साली पंतप्रधान झालेल्या कोइझुमींनी संसदेतल्या आपल्या पहिल्या धोरणविषयक भाषणात हीच गोष्ट सांगितली.

जपानी शिक्षणाविषयी बोलताना ही गोष्ट हमखास सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण त्याच देशातली दुसरी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर, शाळेत घरची बोली तोंडातून निघाली की त्या मुलाच्या गळ्यात एक लाकडी पाटी अडकवत. दुसरे कोणी तसेच चुकेपर्यंत ती त्याच्याच गळ्यात राही.

तांदळाची पोती आणि ही पाटी, दोन्ही एकाच शिक्षणव्यवस्थेच्या इतिहासात आहेत. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत कदाचित तिसरी वापरणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. म्हणून हा लेखनप्रपंच.

पंतोजींच्या शाळा आणि डच पुस्तके

जपानने शिक्षण पाश्चात्त्यांकडून घेतले, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. मेइजी राजवट १८६८ मध्ये सुरू झाली तेव्हा जपान निरक्षर नव्हता. गावोगावी ‘तेराकोया’ नावाच्या शाळा होत्या. शब्दशः अर्थ देवळातल्या शाळा. पण प्रत्यक्षात शिकवणारा भिक्षू असे, निर्धन सामुराई असे, वैद्य असे आणि क्वचित एखादी बाईही असे. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेची आठवण व्हावी असा तो कारभार होता. वेगवेगळ्या वयांची मुले एका खोलीत बसत. प्रत्येकाला वेगळा धडा मिळे. कुंचल्याने अक्षर गिरवायचे, पत्राचे मायने पाठ करायचे आणि मणिचौकटीवर हिशेब शिकायचा. व्यापाऱ्याच्या पोराला मालाची नावे, कुणब्याच्या पोराला शेतीची. गुरूला मोबदला पैशात मिळे, तसा धान्यातही मिळे. याखेरीज सामुराईंच्या मुलांसाठी संस्थानांनी चालवलेल्या दोनशेहून अधिक शाळा होत्या. रोनाल्ड डोअर या ब्रिटिश अभ्यासकाच्या अंदाजाप्रमाणे त्या काळाच्या अखेरीस शंभरातले चाळीसएक मुलगे आणि दहाएक मुली घराबाहेर काही ना काही शिकत होत्या.

दुसरी शिदोरी होती भाषांतराची. सतराव्या शतकात जपानने आपली दारे लावून घेतली, तेव्हा युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या एका लहानशा बेटावर राहू दिले होते. त्या एका खिडकीतून पुस्तके येत. सुगिता गेन्पाकु आणि माएनो र्‍योताकु या वैद्यांनी शरीररचनेवरचा एक डच ग्रंथ मिळवला आणि अपुऱ्या भाषाज्ञानावर, एकेका शब्दाशी झगडत, १७७४ साली त्याचे भाषांतर छापले. ज्या वस्तूला नावच नव्हते तिला त्यांनी नाव दिले. मज्जातंतूसाठी त्यांनी घडवलेला ‘शिन्केइ’ हा शब्द आजही प्रत्येक जपानी डॉक्टर वापरतो.

ओसाका येथे ओगाता कोआन यांनी १८३८ मध्ये अशीच एक डच विद्येची शाळा काढली होती. तिथले विद्यार्थी शब्दकोशाच्या एकुलत्या एका प्रतीभोवती रात्ररात्र गर्दी करत. त्यातलेच एक फुकुझावा युकिची. १८५९ साली योकोहामा बंदर परकीयांना खुले झाले तेव्हा ते मोठ्या उमेदीने तिथे गेले आणि पाहतात तो दुकानांवरच्या पाट्या वाचता येईनात, बोललेले कळेना. सगळा व्यवहार इंग्रजीत! वर्षानुवर्षे घोकलेली डच भाषा कुचकामाची ठरली होती. एखादा खचून गेला असता. फुकुझावांनी दुसऱ्याच दिवसापासून इंग्रजीला हात घातला. पुढे १८७२ पासून त्यांनी विद्येचे महत्त्व सांगणाऱ्या सतरा पुस्तिका सोप्या जपानीत लिहिल्या आणि त्या देशभर खपल्या. शिकले इंग्रजीतून, पण लिहिले जपानीत, ही गोष्ट इथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कायदा झाला, शाळा जळाल्या

१८७१ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाले आणि १८७२ मध्ये देशव्यापी शिक्षणाचा कायदा निघाला. कागदावरची आखणी भव्य होती. देशाचे आठ विद्यापीठ विभाग, प्रत्येकात बत्तीस माध्यमिक विभाग आणि त्या प्रत्येकात दोनशे दहा प्राथमिक शाळा. गुणाकार केला तर शाळा होतात ५३,७६०! गावात निरक्षर घर नको आणि घरात निरक्षर माणूस नको, असा त्याच्या प्रस्तावनेचा आशय होता. मुलगा, मुलगी, उच्च कुळ, हलके कुळ असा भेद कायद्याने मानला नाही.

त्याच वर्षी टोकियोत शिक्षक तयार करणारी शाळा निघाली. तिथे मॅरियन स्कॉट हे अमेरिकन शिक्षक आणि त्यांच्या शेजारी एक जपानी दुभाषी उभे राहत. फळा, खडू, बाके, एका वयाच्या मुलांचा एक वर्ग, सर्वांना एकच धडा, ही आज आपल्याला जन्मजात वाटणारी पद्धत तिथून जपानभर गेली.

मात्र लोकांनी तिचे स्वागत फुलांनी केले नाही. शाळेचा खर्च गावाच्या माथी आणि वर फीही. शेतात राबणारे दोन हात गेले ते वेगळेच. त्यातच सक्तीची लष्करभरती आली. १८७३ साली ठिकठिकाणी दंगे उसळले आणि जमावांनी सरकारी कचेऱ्यांबरोबर नव्या शाळाही जाळल्या. त्या वर्षी शाळेच्या पटावर शंभरात अवघी अठ्ठावीस मुले होती. मुलगे चाळीसच्या आसपास, मुली पंधराच.

हा आकडा वर चढायला एक पिढी गेली. सरकारने कायदे बदलले, पुन्हा बदलले. सक्तीची वर्षे कमी करून पाहिली. खरा फरक पडला तो १९०० साली, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची फी काढून टाकल्यावर. दोन वर्षांत पटावरचे प्रमाण नव्वदाच्या पुढे गेले. पटावर नाव असणे आणि रोज वर्गात बसणे यांत अंतर होतेच. पण दिशा ठरली होती. १९०७ मध्ये सक्तीचे शिक्षण चारांवरून सहा वर्षांचे झाले.

या वाटचालीकडे आपल्याकडचे एक गृहस्थ बारकाईने पाहत होते. कागल आणि कोल्हापुरात शिकलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले. १९१० मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात मांडताना त्यांनी इतर देशांबरोबर जपानचाही दाखला दिला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण आणले होतेच. पण गोखल्यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. आपल्या हाती सत्ता असणे म्हणजे काय, याचा अर्थ या दोन आकड्यांत सापडतो.

इंग्रजीच का घेऊ नये?

आता आपण मुद्द्याच्या भाषेकडे, म्हणजे भाषेच्याच मुद्द्याकडे येऊ. नव्या शाळांत शिकवायचे कोणत्या भाषेतून?

मोरी आरिनोरी हे तरुण मुत्सद्दी त्या वेळी जपानचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकेत होते. त्यांचे मत पडले की, जपानी भाषा आधुनिक जगाच्या कामाची नाही. चिनी लिपीचे ओझे वाहणारी ही भाषा सोडून, थोडी सोपी केलेली इंग्रजीच जपानने स्वीकारावी. १८७२ साली त्यांनी या बाबतीत येल विद्यापीठातले भाषापंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांचा सल्ला पत्राने विचारला. संस्कृतच्या अभ्यासकांना हे नाव परिचित असेल. त्यांचे संस्कृत व्याकरण १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अजूनही वापरात आहे. या प्राध्यापकाने काय सांगावे? आपली भाषा टाकू नका. परकी भाषा शिकायला ज्यांना सवड आहे अशा मोजक्यांपुरतेच मग ज्ञान उरेल आणि बाकीचे लोक बाहेर राहतील.

लंडनमध्ये शिकणारा बाबा तात्सुइ नावाचा जपानी तरुणही गप्प बसला नाही. जपानीला व्याकरण नाही म्हणता काय, असे म्हणून त्याने १८७३ मध्ये जपानी भाषेचे व्याकरणच लिहून काढले, आणि तेही इंग्रजीत. श्रीमंताला इंग्रजी शिकायला वेळ मिळेल, गरिबाला मिळणार नाही; मग एकाच देशातले दोन वर्ग एकमेकांशी बोलणार कसे, हा त्याचा सवाल होता.

मोरींची सूचना बारगळली. तेच मोरी १८८५ मध्ये जपानचे पहिले शिक्षणमंत्री झाले आणि १८८६ च्या त्यांच्या हुकमांनी प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंतचा सांगाडा उभा राहिला. ११ फेब्रुवारी १८८९ रोजी, राज्यघटना जाहीर होत असतानाच्या दिवशी, इसेच्या पवित्र देवस्थानाचा त्यांनी अवमान केल्याच्या समजुतीने एका माथेफिरूने त्यांना भोसकले आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

सुरुवातीची काही वर्षे टोकियो विद्यापीठात बहुतेक सगळे विषय परदेशी प्राध्यापक शिकवत; कायदा, शास्त्रे इंग्रजीतून, वैद्यक जर्मनमधून. पण हा मुक्काम तात्पुरता आहे, हे सरकारच्या मनात पक्के होते. हुशार विद्यार्थी परदेशी पाठवायचे, ते परतले की परदेशी प्राध्यापकाच्या जागी त्यांना नेमायचे, आणि त्यांनी जपानीत शिकवायचे, असा क्रम लावला गेला. दरम्यान निशी आमाने यांच्यासारखे विद्वान शब्दांची टांकसाळ चालवत होते. तत्त्वज्ञानासाठी ‘तेत्सुगाकु’ हा शब्द त्यांचाच. चिनी अक्षरे जोडून घडवलेले असे कित्येक शब्द पुढे उलट्या वाटेने चीनमध्येही गेले.

कादंबरीकार नात्सुमे सोसेकी स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांचे इंग्रजी घसरत चालले, अशी ओरड त्यांच्या काळीही होती. १९११ साली त्यांनी याविषयी लिहिले ते वाचण्यासारखे आहे. आमच्या वेळी भूगोल, इतिहास, गणित, वनस्पतिशास्त्र सगळेच इंग्रजी पुस्तकांतून शिकावे लागे, म्हणून आमचे इंग्रजी चांगले. आता ते विषय जपानीतून शिकता येतात, म्हणून इंग्रजी कमी झाले. ही घसरण म्हणजे देशाच्या शिक्षणाची प्रगती आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकेकाळी इंग्रजीवर पोट भरलेल्या माणसाने हे लिहावे, याचे मोल वेगळे आहे.

पुण्यात पोचलेली पुस्तिका

याच जपानचा एक धागा थेट पुण्याजवळच्या हिंगण्यापर्यंत येतो. नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये टोकियोत स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य हे त्याचे पहिले विभाग. या संस्थेची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका टपालाने धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. अण्णा तेव्हा विधवाश्रमाच्या आणि महिला विद्यालयाच्या व्यापात बुडालेले होते. त्यांनी ती चाळून बाजूला ठेवली. १९१५ अखेर मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि भाषणाची जुळवाजुळव करताना ती पुस्तिका पुन्हा हाताला लागली. या वेळी ती बाजूला पडली नाही. परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या विद्यार्थिनींवर ते सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी एक विषय म्हणून, हे त्याचे धोरण होते. १९२० मध्ये ठाकरसींच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर त्याला आजचे नाव मिळाले. पुढे जगप्रवासात अण्णा जपानलाही जाऊन आले.

गळ्यातली पाटी

इथवरची कहाणी वाचून कोणालाही वाटेल की, असे शिक्षण आपल्यालाही हवे. आता दुसरी बाजू.

‘जपानीतून शिक्षण’ म्हणजे कोणत्या जपानीतून? उत्तरेकडच्या शेतकऱ्याचे बोलणे दक्षिणेच्या कोळ्याला कळत नव्हते. जर्मनीत शिकून आलेले भाषाशास्त्रज्ञ उएदा काझुतोशि यांनी एक देश, एक भाषा हा विचार १८९० च्या दशकात जोरात मांडला. १९०४ पासून देशभर सरकारी पाठ्यपुस्तक एकच झाले. पहिलीच्या वाचनमालेचा आरंभ ‘इ, ए, सु, शि’ या चार अक्षरांनी होई. खुर्ची, फांदी, चिमणी आणि दगड यांची चित्रे. ही अक्षरे निवडण्याचे कारण असे की, ईशान्येकडची मुले ‘इ’ आणि ‘ए’ यांत घोटाळा करत. त्यांची जीभ पहिल्याच पानावर सरळ करायची होती.

ओकिनावा तर मुळात जपानचा प्रांतच नव्हता. र्‍युक्यू नावाचे ते स्वतंत्र राज्य १८७९ मध्ये बरखास्त करून जपानचा जिल्हा बनवण्यात आले. तिथली भाषा जपानीची बहीण असली तरी टोकियोच्या माणसाला ती कळत नाही. १८८० मध्ये तिथल्या शाळांसाठी पहिले पुस्तक निघाले ते दुभाषी होते. जपानी वाक्य आणि त्याशेजारी ओकिनावाचे वाक्य. ही सुरुवात शहाणपणाची होती. पण विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्या पुस्तकाची जागा पाटीने घेतली. ‘होगेन फुदा’, म्हणजे बोलीची पाटी. ज्याच्या गळ्यात ती पडली त्याला सुटकेचा एकच मार्ग, दुसऱ्याला पकडणे. मग मुले काय करीत? शेजारच्याच्या पायावर जोरात पाय देत. कळ आली की तोंडातून शब्द निघतो तो आईच्या भाषेतला, आणि पाटी त्याच्या गळ्यात! ही आठवण त्या पिढीतल्या लोकांनी सांगून ठेवली आहे.

अशी शिक्षा फक्त जपानात झाली असे नाही. वेल्स आणि ब्रिटनीतल्या शाळांतही तसलेच खेळ झाले. आणि पाटी अडकवणारे शिक्षक सगळे दुष्ट होते असेही नाही. ओकिनावाचे तरुण ओसाकाच्या गिरण्यांत कामाला जात, तिथे त्यांच्या बोलण्याची टर उडे, कामही मिळेना. आपल्या पोराची अशी फजिती होऊ नये, ही त्यात काळजीच होती. म्हणून तर ही गोष्ट अधिक बोचते. काळजीपोटी मुलाच्या मनात ठसवले गेले ते हे, की आपली आजी बोलते ते लाजिरवाणे आहे.

उत्तरेला होक्काइडोत ऐनू लोकांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या. अभ्यास कमी, आणि भाषा फक्त जपानी. कोरियात १९३८ च्या हुकमाने कोरियन भाषा ऐच्छिक झाली आणि पाहता पाहता वर्गातून नाहीशी झाली. ज्या देशाने इंग्रजीपासून आपली भाषा वाचवली त्यानेच शेजाऱ्याच्या मुलाच्या तोंडातून त्याची भाषा काढून घेतली.

या सगळ्याच्या मुळाशी १८९० चा सम्राटाचा शिक्षणविषयक आदेश होता. अवघी ३१५ अक्षरे. मुले तो पाठ करत, समारंभात मुख्याध्यापक तो थरथरत्या हातांनी वाचत. आईबापांची सेवा, भावंडांचे प्रेम अशी त्यातली वचने कोणालाही पटतील. पण शेवट होई तो सम्राटासाठी सर्वस्व अर्पण करण्यात. १९३० नंतर त्याचा अर्थ युद्ध हाच झाला.

शाईने खोडलेली पाने

त्या अर्थाची किंमत सर्वांत जास्त ओकिनावाने मोजली. १९४५ च्या वसंतात अमेरिकन फौजा बेटावर उतरल्या. मुलींच्या दोन शाळांतल्या, त्यात भावी शिक्षिकाही होत्या, २४० विद्यार्थिनी आणि शिक्षक लष्करी रुग्णालयात कामाला जुंपले गेले. ‘हिमेयुरी’ या नावाने ते पथक ओळखले जाते. त्यातले १३६ जण परतले नाहीत. आणि त्याच एप्रिलमध्ये जपानी सैन्याचा हुकूम सुटला होता: जो कोणी ओकिनावाच्या भाषेत बोलेल त्याला हेर समजले जाईल. शाळेतल्या पाटीचा प्रवास इथवर आला होता.

ऑगस्टमध्ये जपान शरण गेला. नवी पुस्तके छापायला कागद नव्हता. सप्टेंबरात शाळा भरल्या तेव्हा शिक्षकांनी मुलांना दौत आणि कुंचला काढायला लावले आणि जुन्या पुस्तकांतल्या अमुक ओळी, तमुक पाने काळी करायला सांगितली. काल जे डोक्याला लावून वाचायचे ते आज त्याच शिक्षकाच्या तोंडून खोडायचे. त्या पिढीतले अनेक लोक म्हणतात, मोठ्यांच्या शब्दावरचा विश्वास उडाला तो त्या तासाला.

१९४६ मध्ये आलेल्या अमेरिकन शिक्षणमंडळाने पुष्कळ चांगल्या सूचना केल्या, आणि त्यात एक जुनी ओळखीची सूचनाही होती: चिनी अक्षरे सोडा, रोमन लिपी घ्या. जपान्यांनी त्याऐवजी त्याच वर्षी १,८५० अक्षरांची यादी करून लिपीचे ओझे हलके केले. १९४८ मध्ये सुमारे सतरा हजार लोकांची चाचणी घेऊन साक्षरता मोजली, तेव्हा अजिबात लिहिता-वाचता न येणारे दोन टक्क्यांच्या आसपास निघाले. लिपीमुळे लोक अडाणी राहतात, हा आरोप तिथेच गळून पडला.

त्याच १९४८ साली संसदेने सम्राटाचा शिक्षणादेश रद्द ठरवला. मात्र जपानात राहणाऱ्या कोरियनांनी युद्धानंतर आपल्या भाषेच्या शाळा काढल्या होत्या, त्या बंद करण्याचे हुकूमही याच वर्षी निघाले आणि कोबे, ओसाका या शहरांत मोठे आंदोलन पेटले. जुनी खोड एका रात्रीत जात नाही.

आजची घडी

आजची व्यवस्था १९४७ च्या कायद्यांनी घातलेल्या पायावर उभी आहे. सहा वर्षे प्राथमिक, तीन निम्न माध्यमिक, तीन उच्च माध्यमिक आणि चार विद्यापीठाची. पहिली नऊ वर्षे सक्तीची आणि फीविना. पुढची तीन सक्तीची नसूनही जवळजवळ सगळीच मुले ती पुरी करतात. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, साकुराच्या बहरात.

या घडीचे सर्वांत घेण्याजोगे अंग मला वाटते ते समानतेच्या हिशेबाचे. शाळा गावाची किंवा नगराची असते. पण शिक्षक नेमतो आणि त्यांचा पगार देतो तो प्रांत, आणि त्या पगाराचा तिसरा हिस्सा केंद्र सरकार उचलते. २००६ पर्यंत निम्मा उचलत असे. त्यामुळे गरीब गावात शिक्षक स्वस्तातला, असे होत नाही. शिक्षकांची काही वर्षांनी बदली होतेच, मग ते डोंगरातले गाव असो की बेट. दुर्गम शाळांसाठी १९५४ पासून वेगळा कायदा आहे. १९६३ पासून सक्तीच्या वर्गांची पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने सर्वांना मोफत झाली. दुपारचे जेवण मुलेच वाढतात, वर्ग आणि जिना मुलेच झाडतात.

दोषही लपवण्यासारखे नाहीत. अभ्यासक्रमाचा आराखडा १९५८ पासून बंधनकारक आहे आणि पाठ्यपुस्तके सरकारी मंजुरीविना वर्गात येत नाहीत. इतिहासकार इएनागा साबुरो यांनी या मंजुरीविरुद्ध १९६५ पासून १९९७ पर्यंत तीन दावे लढवले. प्रवेशपरीक्षांचा जाच आणि संध्याकाळच्या शिकवण्या यांचे वर्णन आपल्याला परके वाटणार नाही. २०२३–२४ या वर्षात महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ शाळेकडे पाठ फिरवलेली मुले सक्तीच्या वर्गांत तीन लाख चाळीस हजारांच्या वर होती. सगळ्यांना एका मापाचा अंगरखा शिवला की काहींना तो काचतोच. आणि आता मुलेच कमी जन्मतात. २०२४ मध्ये जन्मांची संख्या सात लाखांच्या खाली गेली. गावोगावच्या शाळा बंद होत आहेत. शंभर पोत्यांतून उभी राहिलेली परंपरा मुलांची वाट पाहते आहे.

मात्र भाषेच्या बाबतीत वारा थोडा फिरला आहे. कायानो शिगेरु या ऐनू गृहस्थांनी १९८३ मध्ये आपल्या निबुतानी गावात मुलांसाठी ऐनू भाषेचा वर्ग काढला. १९९४ मध्ये ते संसदेत गेले आणि तिथे त्यांनी ऐनू भाषेत भाषण केले. २०१९ च्या कायद्याने ऐनूंना मूळनिवासी म्हणून मान्यता दिली. ओकिनावात २००६ पासून १८ सप्टेंबर हा दिवस बेटावरच्या बोलींचा दिवस म्हणून पाळतात. ज्या शाळांतून ती भाषा हाकलली, त्याच शाळांत आता आजीआजोबांना बोलावून दोन शब्द शिकवा म्हणतात. पण युनेस्कोने २००९ मध्ये जपानातल्या आठ भाषा धोक्यात असल्याचे नोंदवले, त्यांत ऐनूची अवस्था सर्वांत कठीण आहे. भाषा घालवायला दोन पिढ्या पुरतात, परत आणायला किती लागतात याचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. दरम्यान १९९० नंतर कामासाठी आलेल्या ब्राझील, फिलिपीन्स वगैरे देशांतल्या कुटुंबांची मुले वर्गात बसू लागली. २०२३ च्या पाहणीत जपानी भाषा वेगळी शिकवावी लागेल अशी ६९ हजारांवर मुले सरकारी शाळांत होती. घरात एक आणि शाळेत दुसरी भाषा असलेले मूल आता टोकियोलाही नवे नाही.

मूल आपल्या भाषेत शिकले तर ज्ञान सर्वांपर्यंत पोचते, हे जपानने करून दाखवले. पण ‘आपली भाषा’ म्हणताना ‘आपली’ कोणाची, हा प्रश्न त्याने फार उशिरा विचारला. आपल्या भागातल्या घरांना हा प्रश्न रोज सकाळी दप्तर भरताना पडतो. आपल्या भाषेची शाळा मागण्याचा हक्क जितका आपला, तितकाच शेजारच्या अंगणातल्या मुलाचा, हे ज्या गावाला उमगते त्या गावात पाटी अक्षरे गिरवण्यापुरतीच उरते. ती गळ्यात अडकवायची वेळ कोणावर येत नाही.